हाव म्हण

वकिलांना शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, असं वकीलच म्हणतात. तरी दर वर्षी त्यांना एका हॉलमध्ये कोंडून शिकवतातच. त्या सकाळी नांदेडच्या हॉलमध्ये कोंडलेल्यांत लातूरची अ‍ॅडव्होकेट लुंबिनी होती. विषय काय, तर कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलांचा बचाव. बाल न्याय मंडळापुढं अशा मुलांसाठी उभं राहणारे जे सरकारी यादीतले वकील, त्यांना हे प्रशिक्षण सक्तीचं. हजेरीला सकाळी अंगठा, संध्याकाळी अंगठा. एक चुकला की यादीतून नाव कट.

दारात उज्वलाताई नावाच्या संयोजकबाई टोपली घेऊन उभ्या होत्या. टोपलीत मोबाईल टाकायचे, चहाच्या वेळी परत मिळणार. लुंबिनी आपला टाकायला गेली आणि पडदा उजळला. लातूरहून तिच्या ज्युनिअरचा, राजशेखरचा मेसेज होता. ‘मॅडम, रत्नम्माच्या केसमध्ये पोलिसांनी कलम वाढवलं. रात्री कुलूप फोडून चोरी म्हणतात. आता गंभीर गुन्हा झाला. तुम्ही शिकवलंय तेच बोलू देऊ का तिला?’

लुंबिनी तिथंच उत्तर टाइप करायला लागली.

“ताई, एवढं उत्तर देते.”

“मॅडम, साहेब येऊन बसलेत आत. केसेस सगळ्यांच्याच हायत.” उज्वलाताईंनी मोबाईल हातातून अलगद काढून घेतला. टोपली गेली आणि दार लागलं.

आता ही रत्नम्मा कोण, ते सांगायलाच हवं. निलंग्याच्या पल्याड, कर्नाटकाच्या शिवेवरच्या गावची पंधरा वर्षांची पोर. घरात कानडी, बाहेर मोडकीतोडकी मराठी. लातुरात ट्यूशनला आलेल्या मुलींच्या होस्टेलवर ती आईबरोबर मेसमध्ये पोळ्या लाटायची. एका मुलीचा मोबाईल गेला आणि आळ आला पोळ्या लाटणारीवर. दुसऱ्या कुणावर येणार होता म्हणा. निरीक्षणगृहात लुंबिनी तिला पहिल्यांदा भेटली तेव्हा पोर एवढंच बोलली, “इल्ला, मॅडम.” कानडीत इल्ला म्हणजे नाही. मग समजावं म्हणून मराठीतही बोलली, “म्या घेतला न्हाई.”

लुंबिनीला ते पटलं होतं. राग येतो तो याचाच. पटलेलं असूनही ती म्हणाली होती, “न्हाई म्हणलीस तर तारखांवर तारखा पडतील, बाई. साक्षीदार येणार न्हाईत आन् तू हितंच सडशील. बारकी चोरी हाय. साहेब जे विचारतील त्याला हाव म्हण. समज देऊन सोडत्यात. संध्याकाळी आईपाशी जाशील.”

सगळेच असं करतात. कुणाला वाईट वाटत नाही, कारण पोर घरी जातं आणि काम उरकतं. लुंबिनीनं तर पोरीकडून घोकून घेतलं. गुन्हा केलास? हाव. चूक मान्य आहे? हाव. सुरुवातीला पोर अडखळायची, मग घडाघडा बोलायला लागली, तेव्हा लुंबिनीनं तिच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली होती.

पण ती समज मिळायची बारक्या चोरीला. रात्री कुलूप फोडलं हे कबूल केलं तर तीन वर्षांपर्यंत विशेष गृहात, म्हणजे सुधारगृहात जावं लागतं. आणि आजच रत्नम्माची तारीख होती, मंडळ सकाळीच बसतं.

शिकवायला पुण्याचे एक निवृत्त न्यायाधीश आले होते. माणूस चांगला होता, पण घड्याळाचा पक्का. लुंबिनी उठून म्हणाली, “सर, मला पाच मिनिटं बाहेर...”

“बसा, मॅडम. मध्येच उठलं की उपस्थिती धरता येत नाही. नियम माझा नाही.”

ती बसली. का बसली? चाकूरच्या एका मजुराची ही लेक कोर्टात पाय रोवून उभी राहिली होती ती त्या यादीच्या जोरावर. यादी गेली तर बार रूममध्ये तिला खुर्चीसुद्धा कोण देणार? इकडे आड आणि तिकडे विहीर. पुढं साहेब सांगत होते, मुलाचं ऐका, मुलाला वेळ द्या. लुंबिनी मान हलवत होती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

मग साहेबांनी खेळ काढला. एक ठेंगणी खुर्ची मध्ये ठेवली. कुणीतरी मूल व्हायचं आणि साहेब मॅजिस्ट्रेट. त्यांनी नेमकं लुंबिनीकडं बोट केलं. “या, मघाशी तुम्हीच उठला होतात.”

खुर्चीत बसल्यावर तिचे गुडघे हनुवटीला लागायला आले. समोर साहेब उंच दिसत होते.

“तुमच्यावरील आरोप तुम्हांस समजले काय?”

तिच्या तोंडून आलं, “हाव.”

“सदर कृत्य आपण स्वेच्छेने केले काय?”

“हाव.”

हॉल हसला. साहेब म्हणाले, “आमच्याकडं हाव म्हणजे लोभ. म्हणजे चोरीचं कारणही कबूल झालं की.” आणखी हसू. मग त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘हाव’ लिहिलं. “सांगा, हिनं काय म्हटलं?”

“सर, हो म्हणली,” एक जण बोलला.

मागून संगप्पा वकिलांचा घोगरा आवाज आला. देगलूरकडचे म्हातारे गृहस्थ. “न्हाई सर. आमच्याकडं हाव म्हणजे ऐकून राहिलो, बोला पुढं. लेकरू साहेबाला न्हाई म्हणतंय व्हय?”

“बरोबर,” साहेब गंभीर झाले. “म्हणून वकिलानं आधी शोधायचं, हा शब्द मुलाच्या तोंडात घातला कुणी?”

लुंबिनी उठली. खुर्ची कलंडली. “म्या,” ती म्हणाली आणि दाराकडं चालू लागली. उज्वलाताई मागून हाका मारत राहिल्या, अंगठा, मॅडम, संध्याकाळचा अंगठा. तिनं दाराबाहेरच्या टोपलीतून मोबाईल उपसला आणि बसस्टँडचा रस्ता धरला. चालता चालता फोन लावला.

“मॅडम, किती फोन लावले तुम्हाला,” राजशेखर म्हणाला. “तुमचं उत्तर न्हाई, म्हणून मी तिला थांबवलं न्हाई. लई चांगलं बोलली पोरगी. कुठंच अडखळली न्हाई. कबुली लिहून घेतली. आदेशाला पुढची तारीख हाय. आता परत निरीक्षणगृहात नेऊन राहिले.”

“तिला दे फोन.”

फोनमध्ये श्वास ऐकू आला.

“रत्नम्मा, ऐक. मोबाईल तू घेतला होतास?”

“हाव, मॅडम.”

“आता साहेब न्हाईत समोर. मी विचारतेय. कुलूप तू फोडलंस?”

“हाव.” आवाज स्वच्छ होता, पाठ केलेला.

लुंबिनीला रडूच आलं. “अगं, पहिल्या दिवशी मला काय म्हणली होतीस? इल्ला म्हणली होतीस ना? त्येच खरं हाय. मी निघाले लातूरला. अर्ज देऊ, तुला परत साहेबासमोर उभी करू. तवा इल्ला म्हण.”

पलीकडं कुणीतरी तिला चल म्हणत होतं.

“हाव म्हणलं तर सोडलं न्हाई,” रत्नम्मा म्हणाली. “इल्ला म्हणलं की सोडत्यात, मॅडम? आईपाशी?”

लुंबिनी रस्त्यात उभी राहिली. समोर लातूरची गाडी लागली होती.

“हाव,” ती म्हणाली.