दुसरी चिठ्ठी

मनोहररावांचा न्याय ज्या गुंडीतून निघायचा ती गुंडी माझ्या माहेरची. पितळेची, पाणी भरायची. वॉर्डात एखादी सोय आली आणि मागणाऱ्या वस्त्या दोन असल्या, की आमचे हे, म्हणजे वॉर्डाचे मेंबर, त्या गुंडीत दोन चिठ्ठ्या टाकायचे आणि चारचौघांसमोर एखाद्या लेकराकडून एक काढून घ्यायचे. आतली दुसरी चिठ्ठी उघडून दाखवा, असं कधी कोणी म्हटलं नाही. चिठ्ठ्या मी लिहीत असे. माझं अक्षर चांगलं ना!

बहात्तरच्या उन्हाळ्यात पाण्याची हापशी आली, एकच. विणकरपुऱ्यालाही हवी होती आणि टेकडीच्या वस्तीलाही. दुपारी जेवता जेवता हे म्हणाले, "कुसुम, दोन्ही चिठ्ठ्यांवर विणकरपुराच लिव."

"काहून?"

"तिकडची मतं आपली हायेत. टेकडीवाले देते काय कधी?"

मी लिहिलं. एका हापशीनं काय आभाळ कोसळतं, असं मनाशी म्हटलं, आणि भाजी वाढली.

चिठ्ठी काढायला यांनी मुद्दाम टेकडीचीच पोरगी बोलावली. शामला, सहा वर्षांची, भीमाबाईची नात. त्यांच्याच पोरीनं काढल्यावर ते बोलणार कोणाला? विणकरपुरा निघाला. दुसरी चिठ्ठी मी चुलीत टाकली.

टेकडीच्या बाया पाण्यासाठी दगडाच्या खोल खदानीत उतरतच राहिल्या. तिसऱ्या आठवड्यात शामलाची आई वच्छला घागरीसकट घसरली. तिचं प्रेत वर काढलं तेव्हा भीमाबाईनं सगळ्यांदेखत नातीचा हात धरून आकांत केला, "याच हातानं खाल्लं वं माह्या सुनेले!"

भीमाबाई आमच्या दारावर सरपण विकायला यायची. पुढे महिन्याभरानं नातीला घेऊन आली. मी पोरीला पोळी दिली, तर तिनं डावा हात पुढे केला.

"उजव्या हातानं घे वं."

"तो हात वाईट हाय," शामला म्हणाली आणि उजवा हात पाठीमागे नेला.

खरं काय ते सांगायचं सोडून मी तिच्या डाव्या हातावर पोळी ठेवली. तीन वर्षं ती पोर डाव्या हातानं पोळी घेत राहिली आणि मी देत राहिले. लाज वाटत नव्हती असं नाही. लाज गिळून जगता येतं, एवढंच.

पंच्याहत्तर साली पुन्हा निवडणूक आली. भिंतीभिंतीवर 'सेवा आणि न्याय' रंगवलं गेलं. पण या वेळी विणकरपुऱ्यातलेच दोन उमेदवार उभे होते, तिकडची मतं फुटणार होती. लगेच यांना टेकडीची आठवण झाली. कुठून तरी दुसरी हापशी आणली आणि नाल्यापलीकडची वस्ती व टेकडी यांच्यात चिठ्ठी ठरवली.

"दोन्हीवर टेकडी लिव. अन् पोरगी तीच बोलावजो. मागच्या वेळची. लोकायच्या मनात भरते."

"तिले नका बोलावू. पाया पडते तुमच्या."

"अवं, या वेळी तिचीच वस्ती निघणार हाय! पोरीचं भलंच होईल."

मलाही ते पटलं. तिच्या हातावरचा डाग निघेल, असं वाटलं. अक्कल गहाण टाकली होती मी.

मांडवात शामलानं गुंडीत डावा हात घातला. हे हसले, "उजवा, बेटा, उजवा," आणि मनगट धरून तिचा उजवा हात आत घातला. टेकडी निघाली. टाळ्या पडल्या. भीमाबाईनं नातीवरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. मी गुंडी उचलून मांडवामागे नेली, तर शामला माझ्या मागे आली.

"बाई, मंग तवा काहून नाही निघाली? मायी माय होती तवा?"

मला राहवलं नाही. गुंडीतली दुसरी चिठ्ठी काढून मी तिच्या हातावर ठेवली. तिसरीत होती ती. एकेक अक्षर लावून तिनं वाचलं, "टे... क... डी." मग वर पाहिलं. "दोन्हीवर?"

"दोन्हीवर."

"तवा बी?"

"तवा बी दोन्हीवर एकच होतं. विणकरपुरा. तुह्या हाताचा काही दोष नोयता, पोरी. मीच लिवलं होतं."

ती ओरडेल, मांडवात जाऊन सगळ्यांना सांगेल, असं वाटलं. खरं सांगते, मला तेच हवं होतं. पण मागे भीमाबाई उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं नातीच्या हातातली चिठ्ठी घेतली, घडी केली आणि कमरेला खोचली.

"हापशी बसू द्या आधी," ती म्हणाली. "आमच्या अजून चाळीस बाया खदानीत उतरते."

हापशी बसली. टेकडीच्या मतांवर हे निवडून आले, दारात गुलाल उधळला गेला. दोन दिवसांनी भीमाबाई सरपण घेऊन आली, सोबत शामला. मी पोळी पुढे केली. पोरीनं उजवा हात पुढे केला. तीन वर्षांत पहिल्यांदा. माझे डोळे भरून आले.

पण पोळीपाशी येऊन तिचा हात थांबला. पोळी धरलेल्या माझ्या बोटांकडे ती बघत राहिली.

"याच हातानं लिवलं होतं ना?" तिनं विचारलं, आणि आपला हात मागे घेतला.