सावलीतला निळा

"काकू, दारात नेऊन बघताय म्हणजे अगदी कापड घ्यायला आल्यासारखं झालं," दुकानदार म्हणाला.

बाईंनी मान वळवली नाही. दुकानातल्या ट्यूबलाइटचा उजेड जिथे संपत होता आणि बाहेरचा सुरू होत होता, तिथे त्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. एका हातात बदामाच्या सुकलेल्या पानाचं त्यांनी स्वतः रंगवलेलं चित्र होतं, दुसऱ्या हातात त्याच चित्राचा नुकताच छापून निघालेला कागद. रस्त्यावरून गेलेल्या गाडीच्या काचेची तिरीप डोळ्यांवर आली तसे त्यांनी डोळे बारीक केले आणि कागद खाली घेतले.

"पान बरोबर आहे. सावली हिरवट आलीय."

"हिरवट?" दुकानदार काउंटरमागून बाहेर आला. त्याने दोन्ही कागद घेऊन जवळ धरले, लांब धरले आणि मग मदतीसाठी बाईंच्या लेकीकडे पाहिलं.

लेक ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून आली होती. "आई, मला तर दोन्ही सारखंच दिसतंय," ती म्हणाली.

"तुला लहानपणी दोन पायांत दोन रंगांचे मोजेही सारखेच दिसायचे."

दुकानदार हसला. हा तिसरा प्रिंटर होता. पहिल्याच्या शाया चारच होत्या, त्यामुळे पानाच्या शिरांजवळचे फिके तपकिरी रंग ठिपक्याठिपक्यांचे आले. तो बाद झाला हे सगळ्यांनाच पटलं. दुसऱ्यात शाया जास्त होत्या, पण त्यांचा रंग पाण्यात विरघळलेला. भिंतीवर लावलं तर चित्र लवकर उडेल असं दुकानदारानेच सांगितलं. तिसऱ्याच्या शायांमध्ये रंगाची बारीक पूड होती, करड्याच्याच दोन छटा वेगळ्या होत्या, आणि कागद बाईंना हवा तसा बिनचकाकीचा जाड चालत होता. स्कॅनरचं तर पाच मिनिटांत ठरलं होतं. पाण्याच्या रंगांनी बाईंचा कागद जागोजागी फुगलेला असे. पातळ, देखण्या स्कॅनरमध्ये काचेला टेकलेला भाग स्पष्ट आणि उचललेला भाग पुसट यायला लागला, तेव्हा दुकानदाराने कपाटाखालून एक जाडजूड, जुन्या बनावटीचा काढला. "यात आत भिंग आहे काकू. दिसायला ठोकळा, पण कागद थोडा वर असला तरी याला दिसतं." त्यात कागदाचा खरखरीतपणासुद्धा आला. बाई खूश झाल्या होत्या.

अडलं ते सावलीवर.

"मी कॉम्प्युटरवर सावलीतला निळा थोडा उतरवून देऊ का?" दुकानदाराने विचारलं.

"निळा कशाला? मी हिरवट म्हणतेय."

मग त्याने तिसऱ्या प्रिंटरवरचे दोनतीन नमुने पाकिटात घालून दिले आणि घरी निवांत बघा म्हणाला.

बाईंनी आयुष्य रंग जुळवण्यात घालवलं होतं. रसायनशास्त्राची पदवी घेऊन त्या भिंतीचे रंग करणाऱ्या कारखान्यात लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. ठरलेल्या छटेचा नमुना आणि नव्या घाण्याचा, म्हणजे नुकत्याच बनलेल्या रंगाचा, नमुना शेजारीशेजारी ठेवायचे आणि जुळतात की नाही ते सांगायचं, एवढंच काम. त्यासाठी आतून करडी रंगवलेली एक पेटी होती. तिच्यात दिवसाच्या उजेडासारखा एक दिवा, पिवळा बल्ब आणि ट्यूब आळीपाळीने लावता येई. एका दिव्याखाली तंतोतंत जुळणारे दोन तुकडे दुसऱ्याखाली सरळ वेगळे दिसत, कारण रंग तोच असला तरी तो कशापासून बनवला ते वेगळं असे. पुढे यंत्रं आली. यंत्राचा आकडा आणि बाईंचं मत यांत फरक पडला तर घाणा बाईंच्या मताने जाई. त्यांचा चेहरा लाल झाला की माल नापास, म्हणून कामगारांनी त्यांना लिटमसबाई नाव ठेवलं होतं. समोर कोणी म्हणत नसे, पण निरोप समारंभात व्यवस्थापकच भाषणात चुकून म्हणून गेले, आणि सगळ्यांत आधी बाईच हसल्या.

निवृत्तीनंतर त्या पानं रंगवू लागल्या. हिरवी नाहीत, गळून पडलेली. कडा वळलेल्या, कीड लागलेल्या, जाळी झालेल्या पानांत रंग जास्त असतात असं त्यांचं म्हणणं. पानाखाली कागदावर पातळ करड्या रंगाची सावली द्यायची, म्हणजे पान आत्ताच कुणीतरी ठेवल्यासारखं वाटतं. वरच्या मजल्यावर राहणारी लेक येता-जाता बघायची. कधी म्हणायची, "झाडाखाली इतका कचरा असतो, तुला नेमका हाच कसा सापडतो?"

मग कोपऱ्यावरच्या पुस्तकांच्या दुकानाच्या मालकीणबाई एकदा घरी आल्या आणि चित्रांसमोरून हलेनात. त्यांना आठ चित्रं विकायला हवी होती. मूळ चित्रं द्यायला बाई तयार नव्हत्या, म्हणून छापील प्रतींवर ठरलं. आठ कुठली, तर "त्या निळ्या सावल्यांची". लोक करड्याला निळा आणि जांभळ्याला गुलाबी म्हणतात हे बाईंना सवयीचं होतं. त्यांनी दुरुस्त केलं नाही. फक्त एक अट स्वतःहून घातली: प्रत मूळ चित्राशी जुळल्याशिवाय दुकानात जाणार नाही.

प्रिंटर बघून आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी खिडकीशी टेबल ओढलं. टेबलावर करडा कागद पसरला, त्यावर मूळ चित्र आणि छापील प्रत कडेला कड लावून ठेवली. दुकानातल्या दिव्यांचा दोष असेल असं रात्रभर त्यांच्या मनात होतं. आता आकाशाचा स्वच्छ उजेड होता. त्यांनी क्षणभर पाहिलं.

सावली हिरवटच होती.

त्यांना प्रिंटरचा मनापासून राग आला. इतकी चांगली पानं छापणारं यंत्र एका साध्या करड्यावर घसरतं म्हणजे काय. तेवढ्यात समोरच्या इमारतीत कुणीतरी खिडकी उघडली आणि तिच्या काचेवरून ऊन थेट बाईंच्या तोंडावर आलं. हल्ली असं ऊन उजव्या डोळ्यात पसरून बसायचं. त्यांनी उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि डाव्याने टेबलाकडे पाहिलं.

दोन्ही सावल्या जुळत होत्या.

बाई तशाच राहिल्या. मग तळहात डाव्या डोळ्यावर नेला. प्रत हिरवट. पुन्हा उजव्यावर. जुळलं. पेटीतले दिवे बदलावेत तसे त्या हात बदलत राहिल्या. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या उजव्या डोळ्यातच पिवळा बल्ब लागला होता, आणि तो विझवायला बटण नव्हतं. उजवा डोळा म्हणजे त्यांचा कामाचा डोळा.

दुसरी गोष्ट त्यांच्या जरा उशिरा लक्षात आली. डाव्या डोळ्याला सावल्या जुळत होत्या, पण त्या करड्या नव्हत्या. दोन्ही कागदांवर त्या निळ्या होत्या.

संध्याकाळी लेक खाली आली तेव्हा दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बाईंनी सगळी चित्रं वर्षांच्या क्रमाने जमिनीवर मांडली होती आणि एका डोळ्यावर रुमाल बांधून त्या मोड्यावर बसल्या होत्या.

"हे काय, आंधळी कोशिंबीर?" लेकीने विचारलं.

"इकडे ये. या टोकापासून त्या टोकापर्यंत सावल्या बघत जा. आणि काय दिसतं ते सांग. मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

लेक भिंतीच्या कडेकडेने चालत गेली. पहिल्या चित्रांतल्या सावल्या राखाडी होत्या, धुरासारख्या. मधल्यांत त्यांना निळसर झाक होती. शेवटच्या चित्रांपाशी ती थांबली.

"निळ्या होत गेल्यात. पण हे तर मला माहीत होतं."

"माहीत होतं?"

"म्हणजे काय, दिसतंच की. मला वाटलं, तुला तशा आवडायला लागल्या."

बाईंनी रुमाल सोडला. उजव्या डोळ्याला करडाही पिवळट दिसत होता, म्हणून तो करडा वाटेपर्यंत त्या निळ्याचे हात देत राहिल्या होत्या. एक, मग त्यावर आणखी एक. त्यांनी हे लेकीला सांगितलं, कारखान्यातल्या नव्या मुलीला सांगावं तसं, सावकाश आणि कुणाची बाजू न घेता. सांगून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मालकीणबाईंनी निवडलेली आठही या टोकाची आहेत."

लेक खाली बसली. आईच्या डोळ्यांत पाणी वगैरे असेल म्हणून तिने चोरून पाहिलं, तर आई चित्रांकडेच बघत होती, घाण्याच्या नमुन्याकडे बघावं तशी.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मोतीबिंदू सांगितला. उजवा बराच पिकलेला, डावा नुकता सुरू झालेला. काढता येतो, घाबरण्यासारखं काही नाही, नंतर रंग लख्ख दिसतील, कदाचित पहिले काही दिवस सगळंच निळं वाटेल, असंही त्या हसून म्हणाल्या. बाईंनी लेन्सबद्दल इतके प्रश्न विचारले की बाहेरचा पेशंट दोनदा डोकावून गेला.

परतताना गाडीत लेकीने सरळ उपाय सांगितला. आधी ऑपरेशन उरकायचं, मग स्वच्छ डोळ्यांनी प्रिंटर निवडायचा. मालकीणबाई थांबतील, त्यांना ती स्वतः सांगेल.

"नाही. आधी प्रिंटर," बाई म्हणाल्या.

"का पण? तुला दिसत नाहीये म्हणून तर हे सगळं झालं."

सिग्नल लागला, सुटला.

"ऑपरेशननंतर ही चित्रं मला चुकलेली दिसतील. रोज दिसतील. मग मी ओला ब्रश घेऊन ती सावली उचलायला बसेन, मला ओळखतेस ना तू. आठच्या आठ मारून टाकीन." त्या काचेबाहेर पाहत होत्या. "आणि मग मनात आणलं तरी मला तशी सावली पुन्हा काढता यायची नाही. त्याआधी ती छापून होऊ देत."

"मग प्रिंटर कुठला घ्यायचा? तुला तर सगळेच हिरवट."

"तो तू सांगायचास. माझ्या डाव्याचाही आता भरवसा नाही."

लेक हसायला गेली आणि थांबली. "मी? दोन रंगांच्या मोज्यांची?"

"ते शिकवता येतं," बाई म्हणाल्या.

लेकीने तिसऱ्यावरच बोट ठेवलं आणि दुकानदाराने त्या प्रिंटरचा आणि जाड्या स्कॅनरचा खोका बांधला. बांधताबांधता त्याने पुन्हा विचारलं की निळा उतरवायची युक्ती एकदा दाखवून ठेवू का, सोपी आहे. बाई म्हणाल्या, दाखवा, पण पुढच्या चित्रांसाठी.

रविवारी सकाळी आठही प्रती छापून झाल्या. शाई वाळेपर्यंत बाईंनी त्यांना हात लावू दिला नाही. मग टेबल खिडकीशी घेतलं, करडा कागद पसरला, आणि खुर्चीत स्वतः न बसता लेकीला बसवलं.

"अंगावरची ती लाल ओढणी काढ. तिचा रंग कागदावर पडतो."

लेकीने ओढणी काढली.

"फार वेळ बघायचं नाही. जास्त बघितलं की डोळा तडजोड करायला लागतो. एकदा बघायचं, करड्याकडे नजर न्यायची, पुन्हा एकदा बघायचं. आणि मग मत बदलायचं नाही."

"आणि चुकलं तर?"

"तर चुकलं."

कारखान्यात जुळलेल्या नमुन्याच्या मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक खूण करायची पद्धत होती. ती खूण बाईंची असे. ताप असला तरी त्या कामावर येत, पण दुसऱ्या कुणाला ती करू देत नसत. त्यांनी टेबलाच्या खणातून पेन्सिल काढली, टोक बोटाने पाहिलं आणि ती लेकीपुढे ठेवली.

"जुळलं तर मागे खूण कर."

"तू कुठे चाललीस?"

"पारखणाऱ्याजवळ कुणी उभं राहायचं नसतं. तोंडाकडे बघून मत बनतं."

बाई खोलीच्या पलीकडच्या टोकाला गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून, हात मागे बांधून उभ्या राहिल्या. भिंतीचा रंग त्यांच्याच कारखान्याचा होता, फिका हस्तिदंती, त्यांनीच कधीतरी पास केलेला. त्यांनी दोन्ही डोळे मिटून घेतले.

मागे कागद सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग पुन्हा कागद, या वेळी उलटल्याचा. आणि बऱ्याच वेळाने पेन्सिलीचं टोक कागदावर एकदा, अगदी हलकं, ओढल्याचं ऐकू आलं.

"पुढचं घे," बाई भिंतीकडे तोंड करूनच म्हणाल्या.