न धुतलेली साडी

चैतालीला सातव्या महिन्यात ओटी भरून दुधनीला माहेरी नेलं, त्याच आठवड्यात बंगारूनं पुढचा उजवा पाय चाटायला घेतला. आधी नुसतं चाटणं, मग दातांनी कुरतडणं, मग मागच्या पायानं मान खाजवत बसणं. पायावरचे केस गेले, कातडी लाल झाली, ओलसर राहू लागली. जुळे सोलापुरातल्या त्या दोन खोल्यांत दिवसभर एकच आवाज. चप् चप् चप्.

बंगारू हे नाव चैतालीनं ठेवलेलं. बंगार म्हणजे कानडीत सोनं. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात तिनं ते पिवळं पिल्लू रस्त्यावरून उचलून आणलं होतं. आता ती माहेरी; नवरा सतीश रोज कुर्डुवाडीला, रेल्वेच्या कारखान्यात. घरात उरली सासू सोजरबाई, आणि कुत्रं. दोघांनी एकमेकांकडं कधी नीट बघितलं नव्हतं.

सोजरबाईनं करंजाचं तेल लावलं. तेलात गंधक कालवून लावला. कुत्र्यानं तोही चाटला. "सोड मुडद्या, पाय सोड!" ती ओरडली की ते कोपऱ्यात जायचं आणि तिथं जास्तच चाटायचं.

"खरजंचं कुत्रं आन् तान्हं लेकरू एका घरात न्हाय ठेवायचं," तिनं पोराला सांगून टाकलं. "जोतीरामला फोन केलाय मी. टेम्पो घिऊन येणार हाय, नेईल रानात."

जोतीराम तिचा धाकटा भाऊ. मोहोळकडं त्याचा ऊस. तिथली कुत्री साखळीला असतात.

सतीश सुट्टीच्या दिवशी कुत्र्याला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. आईही गेली, आपलं म्हणणं खरं करायला.

डॉक्टरीणबाईंनी केस विस्कटून बघितले, कातडी खरवडून काचेवर घेतली, कान तपासले. "खरूज नाही. गोचीड नाही. घरात काही बदल झालाय का?"

"सून म्हायेरी गेलीय. ती काय बदल न्हवं, रीतच हाय."

"कुत्र्याला रीत कुठून कळणार, आजी? माणूस गेलं एवढंच त्याला कळलं. काळजीनं खाज सुटते त्यांना. चाटलं की जिवाला जरा बरं वाटतं, म्हणून चाटतात. त्यानं जखम होते, ती परत खाजते."

"काळजीनं खाज?" सोजरबाई हसली. "मग माझं आंग सोलून निघालं असतं की बाई."

बाईही हसल्या. त्यांनी मलम दिलं, गळ्यात घालायचं प्लास्टिकचं नरसाळं दिलं, गंधक बंद करायला सांगितला. खाणं, फिरणं रोज ठरल्या वेळी. चाटलं तर ओरडायचं नाही, दुसरं काहीतरी चघळायला द्यायचं. "आणि सूनबाईंच्या अंगावरचं एखादं कापड मागवा. न धुतलेलं. वासानं धीर येतो."

चैतालीचा भाऊ संगमेश नव्या पेठेत दुकानाचा माल भरायला आला, त्याच्या हाती साडी आली. सोजरबाईनं ती घेतली, बादलीत बुडवली, साबण लावून घसघसून धुतली, उन्हात वाळवली आणि घडी करून कुत्र्याच्या पुढ्यात ठेवली. बंगारूनं हुंगली. मग पाय चाटायला घेतला.

फोनवर चैतालीला हसावं की रडावं कळेना. "आवं आत्या, धुतलीत कशाला? वासासाठीच धाडली होती की!"

"मळकं कापड कुणी देतं व्हय, मुक्या जनावराला झालं तरी?"

खरं कारण तिनं सांगितलं नाही. पोटुशी बाईच्या अंगावरचं कापड जिथं तिथं पडू देऊ नये, त्याचा दोरा परक्या हाती लागू नये, एवढं तिला आईनं शिकवलं होतं. कुत्रं ते फरफटत दारात नेणार. दारावरून सतरा माणसं जाणार. नातवंड अजून उजेडात यायचं होतं.

संगमेश पुन्हा आला तेव्हा दुसरी, न धुतलेली साडी पिशवीत गाठ मारून आली. सोजरबाईनं बराच वेळ ती गाठ सोडली नाही. कोपऱ्यातनं आवाज चालूच होता. नरसाळ्यातनंही बंगारूनं पाय गाठायची युक्ती काढली होती.

शेवटी तिनं मीठ-मोहऱ्या घेतल्या, साडीवरून उतरवल्या, घुटमळत कुत्र्यावरूनही उतरवल्या. दार ओढून घेतलं. साडी अंथरली आणि पदर मांडीखाली दाबून स्वतःच राखणीला बसली. बंगारू आला. नाक साडीत खुपसून उभा राहिला, गोल फिरला, बसला. तिनं ओठांतल्या ओठांत ओवी धरली:

सून माझी गं म्हायेरी, साडी आली निरोपाला
सूत सूत राखीते मी, कुत्रं निजे पदराला

रोज दुपारी जेवण झालं की हेच. ती उठली की साडी ट्रंकेत जायची आणि कुत्र्याचं तोंड पायाकडं. ती बसली की पाय विसरला जायचा. जखमेच्या कडा सुकू लागल्या. मधला भाग अजून लालच होता.

अशाच एका दुपारी टेम्पो दारात थांबला. जोतीराम साखळी वाजवतच आत आला. "आक्का! कुटं हाय तुजं खरजाडं?"

"हळू बोल."

बंगारूचं डोकं तिच्या पावलावर होतं. कान हलला, डोळा उघडला नाही.

"बरं झालं व्हय?"

"न्हाय अजून."

"मग नेतो की. त्यासाठीच टेम्पो आणलाय."

"नेशील रं. पर ह्या साडीबिगर ते झोपायचं न्हाय." तिनं मांडीखालचा पदर चाचपला. "आन् पोटुशीची साडी मी रानात धाडायची न्हाय."

जोतीरामनं साडीकडं बघितलं, कुत्र्याकडं बघितलं. "मग आता?"

"मग काय? साडी हितं, तर कुत्रंबी हितंच. मला उठता येत न्हाय. दूध हाय आत, तुजा तू चा कर."

जोतीरामनं साखळी आवाज न करता खाली ठेवली आणि आत गेला. त्याला साखरेचा डबा सापडेना. तरी त्यानं हाक मारली नाही.