स्टेपनीची हवा

मालकांनी आधी मुलगी दिली आणि सहा महिन्यांत कंपनीही जावयाच्या हाती दिली. जावईबापूंनी त्याआधी ट्रक कधी चालवला नव्हता, पण ट्रकबद्दल पुष्कळ वाचलं होतं. त्यामुळे त्यांना शंका अशी कसली उरलीच नव्हती.

पहिल्याच महिन्यात त्यांनी बावीसही ट्रकांच्या केबिनमध्ये डिजिटल पडदे बसवले. पडद्यावर ट्रकचं चित्र, चित्रात दहा चाकं आणि प्रत्येक चाकावर एक ठिपका. वॉल्व्हवर बटणाएवढी टोपी बसवलेली, ती हवा मोजून आत कळवायची. हवा ठीक असली की ठिपका हिरवा, कमी झाली की लाल. इथवर कोणाची तक्रार नव्हती. दुसऱ्या महिन्यात हुकूम निघाला की ट्रकमधली अवजारांची पेटी ऑफिसात जमा करावी. जॅक, पाना, पान्याला लावायचा पाइप, दोर, लाकडी ठोकळे, चाकं ठोकून बघायचा दांडका, सगळं.

"पेटीचं वजन साठ किलो," जावईबापू मीटिंगमध्ये म्हणाले. "म्हणजे आपण वर्षभर साठ किलो अविश्वास वाहून नेतोय."

वाक्य त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते छापून भिंतीवर लावलं. काही बिघडलं तर पडद्यावरचं बटण दाबायचं. चाळीस मिनिटांत मदतीची गाडी हजर.

सगळ्यात शेवटी पेटी जमा केली ती ड्रायव्हर मावशीनं. नवऱ्याचे गुडघे गेले तेव्हा तिनं त्याचा ट्रक हातात घेतला, त्याला आता एकोणीस वर्षं झाली होती. तिनं वाद घातला नाही. प्रत्येक वस्तू यादीत लिहून घ्यायला लावली, खाली जावईबापूंची सही घेतली आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. दुसऱ्या दिवशी कामावर येताना तिनं घरातलं लाटणं आणलं. हुकुमात लाटण्याचा उल्लेख नव्हता.

पुढच्याच आठवड्यात शहरात मालवाहतुकीचं मोठं प्रदर्शन होतं. दुपारी चार वाजता जावईबापू तिथे 'अवजारमुक्त ट्रक' या विषयावर बोलणार होते, आणि नमुना म्हणून मावशीचाच ट्रक उभा करायचा होता. मागे स्टॉलचं सामान भरलेलं. जावईबापू स्वतः शेजारच्या सीटवर बसून येणार होते. कोरा करकरीत पांढरा शर्ट घालून ते सकाळी सातला हजर झाले, तर मावशी ट्रकभोवती फिरत एकेका चाकावर लाटणं हाणत होती.

"मावशी, हे काय चाललंय?"

"चाकांना विचारतेय, बरी आहात का म्हणून." मागच्या उजव्या जोडीपाशी ती थांबली. बाहेरच्या चाकानं ठणठणीत आवाज दिला. हात आत घालून तिनं आतल्यावर मारलं, तर उशीवर मारावं तसा भद्द आवाज आला. "साहेब, आतलं बसलंय. हवा भरून निघू."

जावईबापूंनी केबिनमध्ये डोकावून पाहिलं. दहाही ठिपके हिरवे होते. "पडदा दर दोन सेकंदांनी हवा मोजतो, मावशी. लाटणं किती मोजतं?"

"लाटणं मोजत नाही. सांगतं."

"निघा आता. उशीर होतोय."

"तुम्ही म्हणाल तसं. फक्त इथे तेवढं लिहून द्या." तिनं तोच कागद पुढे केला. जावईबापू हसले आणि 'सर्व चाकं ठीक' असं लिहून त्यांनी झोकात सही ठोकली.

मावशी सावकाश चालवत होती. जावईबापू भाषणाची उजळणी करत होते. साडेअकराला, घाटाच्या मधोमध, मागून तोफेसारखा आवाज आला आणि ट्रक एका बाजूला कलला. मावशीनं तो रेटत कडेच्या मोकळ्या जागेत आणून उभा केला. आतल्या चाकात हवा नाही म्हटल्यावर सगळा भार बाहेरच्यावर आला होता, आणि ते फुटून चिंध्या झालं होतं. आता कुठे पडद्यावर एक ठिपका लाल झाला आणि गोड आवाजात सूचना आली, "हवा किंचित कमी आहे."

जावईबापूंनी मदतीचं बटण दाबलं. मदत चाळीस मिनिटांवर होती. मावशीनं मागच्या चाकांना रस्त्याकडेचे दगड लावले, सावलीत बसून पाणी प्यायलं आणि नवऱ्याचा फोन घेतला.

"पोचलीस?" नवऱ्यानं विचारलं.

"टायर फुटला."

"ठोकून बघितलं नव्हतंस?"

"बघितलं होतं. साहेबांनी बरोबर आहे म्हणून लिहून दिलंय."

"मग काय काळजी," नवरा म्हणाला. "तो कागद लाव चाकाला."

तासाभरानं मदत पुन्हा चाळीस मिनिटांवरच होती. सव्वा वाजला तरी चाळीसच. जावईबापूंच्या शर्टाची इस्त्री मोडली होती आणि आवाजही खाली आला होता. "मावशी, तुम्ही काहीतरी ठेवलं असेल ना मागे? एखादा जॅक?"

"एवढा मी अविश्वास कशाला दाखवू?" मावशी म्हणाली.

अखेर एक जुनाट ट्रक घाट चढत आला आणि आपणहून थांबला. चालवणाऱ्याला टोकदार दाढीमुळे सगळे बोकड म्हणायचे. मावशीशी त्याची जुनी ओळख. त्याच्याकडे पडदा नव्हता, पण सीटखाली सगळं होतं. त्यानं जॅक लावला, पाना जावईबापूंच्या हाती दिला आणि म्हणाला, "नट घट्ट आहेत. पाइप लावा आणि वर उभे राहा. शिकलेलं वजन असलं तरी वजनच असतं."

जावईबापू पाइपवर उभे राहिले, घसरले, पुन्हा उभे राहिले. बोकड स्टेपनी खाली घ्यायला गेला आणि थबकला.

"मावशी, तुमच्याकडे स्टेपनीलाही सेन्सर असतो का गं?" त्यानं स्टेपनीच्या वॉल्व्हवरची टोपी फिरवून काढली. त्याच क्षणी केबिनमधून गोड आवाज आला, "मागील उजवं आतलं चाक, हवा शून्य."

मावशीनं सावकाश मान वळवून जावईबापूंकडे पाहिलं.

"फिटर म्हणत होता," जावईबापू पान्याकडे बघत म्हणाले, "आतल्या त्या एका चाकापर्यंत हात पोचत नाही. मी म्हटलं, बसव कुठेही, दहाचा आकडा जुळला पाहिजे."

"जुळला की," मावशी म्हणाली. "काही काम नसलेलं एकच चाक होतं. त्याच्यावर भरवसा ठेवून आपण निघालो."

बोकडानं आपल्या ट्रकमधून आतल्या चाकात हवा भरून दिली, बाहेर स्टेपनी चढवली आणि मदतीच्या गाडीला नमस्कार सांगा असं म्हणून तो निघून गेला. ते प्रदर्शनात पोचले तेव्हा पाच वाजत आले होते. मावशीला वाटलं, हा माणूस आता तोंड लपवेल. पण जावईबापू कोपरापर्यंत काळे हात घेऊन थेट मंचावर चढले आणि म्हणाले, "मित्रहो, आज मी तुमच्यासमोर थेट रस्त्यावरचं संशोधन घेऊन आलोय." टाळ्यांचा कडकडाट झाला. काळ्या हातांचे फोटो वर्तमानपत्रात आले.

महिन्याभरात पेट्या परत आल्या. आता त्यांचा रंग केशरी होता आणि वर 'ऑफलाइन सहाय्य संच' असं लिहिलेलं होतं. आत तोच जॅक, तोच पाना. दांडक्याचं नाव 'ध्वनी-आधारित तपासणी साधन' झालं होतं, आणि ते वापरण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरनं फोनवर परीक्षा देणं सक्तीचं होतं. चाकावर किती अंशांच्या कोनातून आघात करावा, या प्रश्नाला मावशीनं लिहिलं, "जमेल तसा." ती नापास झाली. दुसऱ्यांदाही झाली. तिसऱ्यांदा नवऱ्यानं पाठीमागे बसून उत्तरं सांगितली, तेव्हा प्रमाणपत्र आलं. तो पहिल्या फटक्यात बरोबर सांगत होता याचा तिला टायर फुटल्यापेक्षा जास्त राग आला.

आतल्या चाकाची टोपी मात्र तिनं स्वतः, रस्त्यावर उताणी झोपून, जागच्या जागी बसवली. आता सकाळी ती आधी ठोकते आणि मग पडद्याकडे बघते. एकदा दांडक्याचं आणि पडद्याचं जमलं नाही, आणि त्या दिवशी पडदा बरोबर निघाला. टायरमध्ये खिळा होता आणि हवा नुकतीच उतरू लागली होती. ही गोष्ट तिनं ना नवऱ्याला सांगितली, ना बोकडाला. पंक्चर काढून घेतलं आणि वेळेवर माल पोचवला.