चावण्याआधीचे अंतर

चंद्रकुमार टेंभरे यांनी आयुष्यभर भातगिरण्यांचे सुटे भाग घडवले. रक्तपिशाचाचे दात घडवण्याची पाळी मात्र त्यांच्यावर सत्तरी ओलांडल्यावर आली. तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेला हा गृहस्थ गोंदियाच्या कारखान्यातून निवृत्त होऊन दवनीवाड्याला परतला आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ मांडून बसला. काम कोणतेही असो, आधी समजून घ्यायचे आणि मगच हात लावायचा, ही त्यांची शिस्त. दातांनाही त्यांनी तीच लावली.

दात मागितले भाची टीनाने. ती गोंदियाच्या एका महाविद्यालयात शिकवी आणि दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेसाठी तिने यंदा स्वतः नाटक लिहिले होते. धानाच्या व्यापाऱ्याच्या घरी एक पाहुणा येतो, तो दिवसा कोणाला दिसत नाही, आणि व्यापाऱ्याची विधवा सून त्याच्या ओढीने झुरत जाते, अशी काहीशी गोष्ट.

"मामाजी, दात असली वाटले पाहिजेत. बाजारातले प्लास्टिकचे नकोत," ती म्हणाली होती.

असली म्हणजे कसे, याचा चंद्रकुमारांनी दोन दिवस विचार केला. पिशाचाला रक्त प्यायचे तर दात पोकळ हवेत. व्यापारी धानाचे पोते न उघडता आतला माल पाहतो, त्यासाठी त्याच्याकडे परखी असते : टोकाला तिरपी कापलेली पोकळ नळी. खुपसली की दाणे आपोआप घरंगळत हातात येतात. त्याच बेताने त्यांनी नायलॉनचे दोन सुळे कातले, आतून भोक पाडले, मागे रबरी फुगा बसवला आणि त्यात बीटचा रस भरला. काम नामी झाले. लेथवर इतके नाजूक काम त्यांनी तरुणपणीही केले नव्हते.

समाजभवनातल्या तालमीत त्या नामी कामाची फजिती झाली. पिशाच झालेला प्रफुल ते दात लावून बोलू लागला, तेव्हा त्याच्या तोंडून प्रत्येक शब्द शिट्टी घालत बाहेर पडला. वडसाच्या नाटक कंपनीतून आलेली चंदा, जी सुनेचे काम करत होती, तिने ओठ चावून हसू आवरले. प्रफुल तिच्या मानेशी वाकला, फुगा दबला, आणि रसाची धार थेट पहिल्या रांगेत बसलेल्या नाट्यमंडळाच्या अध्यक्षांच्या पांढऱ्या सदऱ्यावर गेली.

अध्यक्ष मनिराम पोटभर हसले. हसताना तळहातावरच्या प्लास्टिकमधला तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणे मात्र त्यांनी सोडले नाही. ते काम त्यांचे हात झोपेतही करत असावेत.

"टीना, बेटा, हा पिशाच हाये का होळीची पिचकारी?" डोळे पुसत ते म्हणाले आणि मग गंभीर झाले. "पाय, मंडईत आजूबाजूच्या गावच्या बाया पोरं घेऊन बसतेत. चावाच्या टायमाले लोक हासले, तं तुझं नाटक तिथंच मेलं. मंग पुढच्या साली पोरीनं लिवलेलं नाटक घ्या म्हणून मी कोणाले कोणत्या तोंडानं सांगू? अना जास्त चिपकाचिपकी बी नोको. फॅमिली पब्लिक हाये. इतवारी मी आखरी खेप पायतो. जमलं तं जमलं, नाही तं जुनं रडकं नाटक हायेच."

घरी येताना टीना गाडी चालवत होती; मागे बसलेल्या चंद्रकुमारांना तिचा चेहरा दिसत नव्हता, पण तिने एकदाही हॉर्न वाजवला नाही, एवढ्यावरून ती खट्टू झाल्याचे त्यांनी ओळखले.

"दात तर बिलकुल बराबर होते, मामाजी," शेवटी ती म्हणाली. "मग लोक हसले कायले?"

हाच प्रश्न त्यांनाही पडला होता. त्यांचे एक जुने प्राध्यापक सांगत, बंद पडलेले यंत्र खोलण्याआधी त्याच जातीचे चालते यंत्र पाहून यावे. "तुझ्याकडे पिशाचांचे चांगले चाललेले सिनेमे असतील, ते दे," ते म्हणाले.

टीना गडबडली. "मामाजी, त्यात तसे सीन हायेत."

"तसे मंजे कसे?"

"तसे मंजे तसेच."

"मी एकाहत्तर वर्षांचा हाव, बेटा. मले का दात फुटाचे हायेत आता?"

दुसऱ्या दिवशी पेन ड्राइव्ह आला. दुपारी जेवणे आटोपल्यावर चंद्रकुमारांनी खिडकीचे पडदे ओढले आणि टीव्ही लावला. थोड्याच वेळात दार लोटून सावित्रीबाई आत आल्या. हातात सूप, सुपात तांदूळ.

"भर दुपारी परदे लावून का पाहून राहिले जी?"

"काम हाये. टीनाचं."

पडद्यावर धुक्यातल्या हवेलीत एक बाई झिरझिरीत झग्यात जिना उतरत होती. सावित्रीबाईंनी नवऱ्याकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले, आणि "मंग मी बी काम करतो" म्हणत भिंतीला टेकून तांदूळ निवडायला बसल्या.

तीन दुपारी हे चालले. एक सिनेमा जुना, काळापांढरा. त्यात पिशाच नुसता खिडकीबाहेर उभा राही आणि झोपलेल्या बाईचा श्वास वाढे. एक रंगीत, त्यात झगे बरेच आणि रक्त शेंदरासारखे. एक अलीकडचा, त्यात तर बाईच पिशाच होती. चंद्रकुमारांना नवलाची गोष्ट ही वाटली की पिशाच मनगट सोडून मानच का पाहतो? शीर तर मनगटाचीही हाताला लागते. आणि सावज डोळे मिटते ते वेदनेने, तर मग ओठ असे का होतात?

पण त्यांचे लक्ष हळूहळू पडद्यावरून निसटून सुपाकडे गेले. सावित्रीबाईंची बोटे तांदळातून एका लयीत फिरत. एका प्रसंगात बाई उघड्या अंगाने हौदात उतरली. चंद्रकुमारांनी संकोचाने घसा खाकरला, पण सुपातली बोटे फिरत राहिली, उलट सावित्रीबाईंनी जांभई दिली. रक्ताच्या चिळकांड्या उडाल्या. बोटे फिरत होती. दात मानेत रुतताना जवळून दाखवले. "रबरी मान हाये," त्या म्हणाल्या, आणि बोटे फिरत होती.

मग एका प्रसंगात गळ्यापर्यंत बटणे लावलेली एक बाई दिव्यापाशी उभी होती. मागे दार उघडे. समोरचा कोण आहे ते तिला कळले होते. तो जागचा हलला नाही. तिने वरचे बटण स्वतः काढले आणि केस एका बाजूला घेतले.

सूप थांबले.

चंद्रकुमारांनी रिमोटने तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. सूप पुन्हा त्याच जागी थांबले.

"काऊन थांबली वं?"

"कोण? मी?" सावित्रीबाईंनी घाईने तांदळात बोट घातले. "खडा सापडला."

"दोन्ही खेपेस?"

"तांदूळच तसे हायेत."

पडद्यावर धुके पसरले होते. नजर सुपातच ठेवून सावित्रीबाईच म्हणाल्या, "टीना म्हणत होती, पिशाचाचे हात थंडे रायतेत."

"हो, मेलेला असतो ना तो."

"तुमचे बी रायत. हिवाळ्यात, कारखान्यातून आले का. मी चुलीपाशी बसलेली राहो, घर माणसांनी भरलेलं, अना तुमी मागून येऊन मानेवर हात ठेवा. मी कधी ओरडली का?"

"नाही."

"काऊन नाही ओरडली?"

इतकी वर्षे चंद्रकुमारांचा समज असा की तिला पत्ता न लागू देता आपण मागून येतो.

"तुमच्या चपला अंगणातच वाजत," त्या म्हणाल्या. "मले मालूम राहे. मी पदर घेऊन घेत होती बाजूले."

"मंग ते भेव होतं का?"

"भेव बी होतं. सासू बाजूलेच राहे."

"अना?"

"अना का? आता या उमरीत सांगू का तुमाले?" सावित्रीबाईंनी सूप उचलले आणि त्या आत गेल्या. पण जाताना हसत होत्या.

त्या संध्याकाळी चंद्रकुमार शेडमध्ये बराच वेळ एका जुन्या भातसडीच्या यंत्रापुढे बसून राहिले. यातले दोन रबरी रूळ त्यांनी शेकडो वेळा बसवले होते. रूळ एकमेकांना भिडले तर दाणा चुरतो, फार लांब राहिले तर तूस सुटत नाही. दोहोंमधले अंतर नेमके लागते. आणि दोहोंचा वेग सारखाही असून भागत नाही. एक मंद, एक जलद, तरच टरफल अलगद निघते. आपण इतके दिवस दातच कातत बसलो, आणि काम तर दातांच्या अलीकडे होते!

शनिवारी त्यांनी टीनाला बोलावले. भाचीला हे कसे सांगावे याची त्यांनी मनाशी बरीच जुळवाजुळव केली होती, आणि ती सगळी ऐन वेळी फिसकटली.

"दात काढून टाक," ते म्हणाले.

"मग तो चावेल कसा, मामाजी?"

"चावणार नाही. थांबेल. मागचं दार उघडं ठेव, चंदाला जाता आलं पाहिजे. प्रफुलला सांग, जागचं हलायचं नाही. राहिलेलं अंतर..." ते अडखळले, चष्मा पुसू लागले. "राहिलेलं अंतर ती कापेल."

टीना त्यांच्याकडे बघत राहिली. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मामीला विचार," म्हणून ते लेथकडे वळले.

रविवारी दुपारी मनिराम समाजभवनात पहिल्याच रांगेत बसले. सदरा या खेपेस भुरका होता. शेजारी चंद्रकुमार, पलीकडे सावित्रीबाई. खर्रा घोटण्याचा आवाज, चर्र चर्र, एकसारखा चालू. टीना पडद्याआड उभी होती आणि तिने ओढणीचे टोक बोटाला इतके घट्ट गुंडाळले होते की बोट पांढरे पडले होते.

चंद्रकुमारांनी मंचाकडे पाहिलेच नाही. ते मनिरामांचे हात पाहत होते.

प्रफुलचे संवाद आता स्वच्छ ऐकू येत होते. मग ते संपले. चंदाची पावले वाजली, दाराकडे जाणारी. चर्र चर्र. पावले थांबली. चर्र. ती परत फिरली असावी, कारण बांगड्यांचा आवाज जवळ आला, अगदी सावकाश, आणि मग पदर सरकल्याची सळसळ.

खर्रा थांबला.

मनिरामांचा अंगठा तळहातावर तसाच राहिला. समाजभवनात कोणी हसले नाही. कोणी खोकलेही नाही. पडदा पडला तरी मनिराम काही क्षण पडद्याकडेच पाहत होते. मग भानावर येऊन त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि अंगठा पुन्हा चालू केला.

"चिपकाचिपकी तं काहीच नव्हती," ते जरा बुचकळ्यात पडून म्हणाले. "मी बराबर पाहून राहिलो होतो. हात बी नाही लावला त्यानं. तरी बापा, कसं तं झालं. बाया पाहतीन का हे?"

"बायाच पाहतीन," पलीकडून सावित्रीबाई म्हणाल्या. "तुमी खर्रा घोटा."

मनिराम ओशाळून हसले. "ठीक हाये, टीना. मंडईत हेच लागंन." आणि पडद्याआडून एक हुंदक्यासारखे हसू ऐकू आले, तोवर ते चंद्रकुमारांकडे वळले होते. "अना टेंभरेजी, मानलं तुमाले. दात या खेपेस झकास बनवले. मानेत घुसताना पाहून माह्या अंगावर काटा आला."

चंद्रकुमारांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला. दोन्ही सुळे तिथेच होते, कालपासून.

"हो," ते म्हणाले, "नायलॉनचे आहेत."

बाहेर पडल्यावर सावित्रीबाईंनी त्यांना गाठले. "काऊन खोटं बोलले जी?"

"खडा सापडला," चंद्रकुमार म्हणाले.