सातवा तक्ता

…किंचित डावीकडे झुकलेला, आणि वरची कड सुटून कागदापासून केसभर उचललेली. चित्रातल्या दाराच्या चौकटीवर, अगदी मधोमध. हा लाल स्टिकर अंगठ्याने दाबलेला नाही, अनामिकेने दाबलाय, अनामिकेचा दाब एका अंगाला जास्त पडतो… असं भार्गवीच्या मनात आलं आणि स्वतःच्या नजरेचं तिला नेहमीसारखं कौतुक वाटलं. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, पण नजर म्हणजे नजर! पीण्या नावाच्या औद्योगिक भागातल्या कारखान्यात तीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसलेली बाई होती ती. तिचा चौदा नंबरचा शिक्का पडलेला एकही भाग कधी परत आला नव्हता. एकही. हे ती कुणाला सांगत नसे. सांगायची गरज पडू नये इतक्या जणांना ते आधीच सांगून झालं होतं.

समुदाय भवनातल्या व्यासपीठावर वसाहत समितीची पाच माणसं बसली होती, त्यात बाई ती एकटीच. समोर सगळी कामगार वसाहत लोटलेली. बैठी शहाण्णव घरं पाडून नऊ-नऊ मजल्यांच्या इमारती उठणार होत्या, आणि त्या कशा असाव्यात याचे नियम ठरवताना राहणाऱ्यांना विचारायचं असं ठरलं होतं. म्हणून हे बारा तक्ते. एकेका तक्त्यावर एकेक चित्र. हवं असेल तर हिरवा स्टिकर, नको असेल तर लाल. मागच्या रविवारी लोकांनी स्टिकर लावले, आज निकाल. वास्तुरचनाकार होता शुभंकर, पुण्याहून इकडे येऊन दोनच वर्षं झालेला, गोड मुलगा; एकेक तक्ता वाचत तो सातव्यावर आला.

"दाराबाहेरची जगली. हिरवे दोन, लाल एक्केचाळीस. सो, हा नियम ड्रॉप होतोय. लोकांनी क्लिअरली रिजेक्ट केलाय."

एक्केचाळीस?

तिला वाटलं, त्याने तक्ता चुकीचा वाचला. जगली नको? या लोकांना? दाराला टेकून असलेली ती दीड फुटी दगडी बैठक, जिथे संध्याकाळी एकेका घराबाहेर तीन-तीन बायका बसतात, जिथे या दिवसांत पोत्यांनी अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलल्या जातात, जिथून शेजारची म्हातारी अंबुबाई आल्या-गेल्याची चौकशी करते… ती जगली नव्या इमारतीतही प्रत्येक दाराशी असावी, त्यासाठी मजल्यावरची वाट दीड फूट जास्त रुंद ठेवावी, हा मुद्दा मांडला कुणी? मी. बिल्डरच्या माणसाचं तोंड कडू झालं होतं, तरी नकाशावर पट्टी ठेवून जागा कुठून काढायची ते दाखवलं कुणी? मी.

आणि जागा दाखवता आली ती का? जगलीमुळेच. लग्न होऊन या वसाहतीत आली तेव्हा ती विसाची होती, सातवी शिकलेली. नवरा, विद्याधर, दुसऱ्या पाळीला नसेल त्या दिवशी संध्याकाळी काळ्या दगडावर खडूने चित्र काढायचा. हे समोरून, हे वरून, हे बाजूने, आता सांग वस्तू कशी असेल? शेजारणी हसायच्या. नवरा-बायको जगलीवर बसून शाळा-शाळा खेळतात म्हणायच्या. आधी तिला डबा दिसायचा, मग डब्याला भोक दिसायला लागलं, मग एके दिवशी तिने त्याच्याच चित्रातली एक राहिलेली रेघ दाखवली आणि तो खडू टाकून ओरडला, "शब्बास!" – सगळी गल्ली बाहेर आली. विद्याधर गेला त्याला आता अकरा वर्षं झाली. दगड आहे अजून. सहा महिन्यांनी नसेल, त्याचं तिला तेवढं नाही. पण नव्या घराच्या दाराशी काहीच नसावं?

तिने पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. या वेळी मोजायला नाही, बघायला. लाल स्टिकर कसेही लागले नव्हते. कागदाच्या चारही कोपऱ्यांवर दाटी, थोडे चौकटीवर, थोडे खाली जगलीच्या कडेला ओळीने… नको म्हणणारं माणूस असं कोपऱ्यांवर नको म्हणतं का? पत्रिकेच्या कोपऱ्यांना लावतात तसे. नव्या मिक्सरला, नव्या स्कूटरला, कोऱ्या कुठल्याही वस्तूला…

कुंकू लावलंय यांनी!

हसूच आलं तिला. बायका त्या बायकाच, आपल्याला हवी ती एकच गोष्ट सगळ्यात आधी पुजून मोकळ्या झाल्या. आणि मग ते हसू तिथेच थांबलं, कारण चौकटीवरचा तो पहिला स्टिकर अजून समोरच होता, डावीकडे झुकलेला, अनामिकेने दाबलेला.

"काकू, सुरुवात तुमच्या हातून," शुभंकर म्हणाला होता मागच्या रविवारी. त्याआधी तिनेच मराठीत आणि कन्नडमध्ये तीन-तीनदा सांगितलं होतं, हिरवा म्हणजे हवं, लाल म्हणजे नको. मग टाळ्या. सगळ्यांच्या नजरा. छाती भरून आलेली, डोळे जरा ओले, आणि ती सातव्या तक्त्यासमोर जाऊन उभी राहिली… आयुधपूजेला दरवर्षी कारखान्यात मोजमापाच्या टेबलाला कुंकू लावायचा पहिला मान तिचा असे. वर्षभर नापास भागांवर लाल रंग फासणारा तोच हात त्या दिवशी तसाच लाल व्हायचा, आणि तीस वर्षांत ही गल्लत कधी झाली नव्हती. रविवारी हाताने तिला विचारलंच नाही. मागून अंबुबाई म्हणाली होती, "अक्काने लावलं तसंच लावा गं सगळ्यांनी." तेव्हा ते ऐकून केवढी सुखावले होते मी!

"पुढचा तक्ता," शुभंकर म्हणाला.

"थांब," ती म्हणाली. खुर्ची सरकवून उभी राहिली. "सातव्याचा निकाल चुकलाय. बायकांचा…"

बायकांचा गोंधळ झाला. तीनच शब्द. सगळं सुटलं असतं. शुभंकरने समजुतीने मान डोलावली असती, समितीतले पुरुष गालात हसले असते, समोरच्यांपैकी कुणीही तोंड उघडलं नसतं, कारण अक्का म्हणते तर गोंधळ आपलाच झाला असणार. पहिल्या रांगेत अंबुबाई वर बघत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, गुडघे धरून इथवर चालत आलेली, आणि चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नाही.

"बायकांचा नाही," भार्गवी म्हणाली. "माझा. पहिला लाल मी लावला. मला जगली हवी होती, आणि मी लाल लावला. या सगळ्या माझं बघून लावत गेल्या."

भवनात कुजबूज झाली. शुभंकर गोंधळला. "पण काकू, लाल म्हणजे नको, हे तुम्हीच तर एक्सप्लेन केलं होतं ना?"

"हो. तीनदा. आणि मीच चुकले." तिने हाताने तक्ता दाखवला. "मोजू नकोस, नीट बघ. कोपऱ्यांना लावलेत. आम्ही नव्या वस्तूला कुंकू असंच लावतो. हे एक्केचाळीस नको नाहीत रे, हे एक्केचाळीस हवं आहेत."

तो तक्त्याजवळ गेला, बराच वेळ बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "दिसतंय. पण बिल्डरकडे आकडे ऑलरेडी गेलेत. परत मतं घ्यायची तर त्यांना विचारायला लागेल. मी ट्राय करतो, प्रॉमिस नाही करत."

"सरी, ठीक आहे," ती म्हणाली. "विचार."

एवढ्यात पहिल्या रांगेत अंबुबाईने शेजारणीच्या मांडीवर थाप मारली. "ऐकलंस का गं? अक्का चुकली! आमची अक्का चुकते म्हणे!" पोरीचा पहिला नंबर आल्यासारखा आवाज होता तिचा. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरी, मग पदर तोंडाला लावलेल्या सगळ्याच. एकीने तर उठून ओरडून विचारलं, "अक्का, मग या वेळी कुठला लावायचा ते नीट सांगा हां! का आम्हीच ठरवू?"

"तुम्हीच ठरवा," ती म्हणाली, आणि उभीच राहिली, आता शरम येईल म्हणून वाट बघत. तीस वर्षं जिला दारातूनच परत पाठवलं, ती आज सगळ्या वसाहतीदेखत येणार, हे तिने धरूनच ठेवलं होतं. आली नाही. नियमाचं काय होईल ते ठाऊक नव्हतं, बिल्डर नाहीच म्हणेल बहुतेक; तरी पाठ ताठ होती, आणि ताठ ठेवायला काही करावं लागत नव्हतं. एवढ्या बायका आपल्यामागून डोळे मिटून येतात, याचा केवढा तोरा होता मला… आता त्या डोळे उघडे ठेवून तिच्यावर हसत होत्या, आणि हेच आपल्याला जास्त आवडतंय, हे तिचं तिलाच खरं वाटेना.