साक्षीदाराची जागा

नीवेसने सही केली, शेवटच्या अक्षराला नेहमीची झोकदार शेपटी ओढली आणि पेनाचं टोपण लावलं.

"नीवेसबाई," नोटरीसाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "तुम्ही साक्षीदाराच्या जागी सही केलीत."

तिने कागदाकडे पाहिलं. खरंच की! 'पत्नी' लिहिलेल्या शब्दापुढची ओळ कोरी होती आणि चार ओळी खाली, साक्षीदारांच्या रकान्यात, तिचं नाव दिमाखात बसलं होतं.

एकोणतीस वर्षं ती या कार्यालयात कारकून होती. लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता कायद्याने सामाईक धरतात; ती वेगळी करून घ्यायची असली तर नोटरीसमोर बसावं लागतं. करार मोठ्याने वाचून दाखवला जातो आणि दोन साक्षीदार लागतात. नातलग चालत नाहीत, म्हणून शेजारच्या खोलीतून नीवेस आणि फुल्विया उठून येत. किती जोडपी आली त्याचा हिशोब तिने ठेवला नव्हता. बायका बहुधा रुमाल चुरगाळत बसत, आणि नीवेस त्यांच्या कानाशी ठरलेलं वाक्य म्हणे, "अहो, ही नुसती छत्री आहे. घेतली म्हणून पाऊस येतोच असं थोडंच आहे?" मग सही ठोकून ती आपल्या टेबलाशी परत जाई आणि डब्यातलं सफरचंद कापायला घेई.

आज टेबलापलीकडे नवऱ्याच्या खुर्चीत तिचाच नवरा बसला होता. गिल्दो. खुर्च्यांच्या कारखान्यात त्याची हयात गेली. तो कारखाना वसंतात बंद पडला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी या गड्याने स्वतःची कार्यशाळा काढायचं मनावर घेतलं. धंदा त्याच्या एकट्याच्या नावावर, म्हणजे बुडाला तर घरालाही घेऊन बुडणार. मालमत्ता वेगळी करावी आणि घरातला त्याचा अर्धा वाटा नीवेसच्या नावे करावा, ही युक्ती तिचीच. ती बोलून दाखवायला तिला तीन महिने लागले. शेवटी बोलली तेव्हा तो पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, खात होता. "बरं," एवढंच म्हणाला आणि खात राहिला. ते 'बरं' तेव्हापासून तिला काट्यासारखं सलत होतं.

कारण घर त्याने बांधलं होतं. भूकंपात बापाचं घर पडलं, त्याचे दगड त्याने वर्षानुवर्षं झाकून ठेवले होते. लग्नानंतर दोघांनी जागा घेतली आणि त्याच दगडांचं घर उभं करायला चार वर्षं शनिवार-रविवार एक केले त्याने.

"चूक झाली," नीवेस कशीबशी म्हणाली.

"हाताची सवय हो!" फुल्विया हसली. नीवेसच्या जागी दुसरा साक्षीदार म्हणून खालच्या बारमधला एल्व्हियो अ‍ॅप्रन काढून आला होता. तो म्हणाला, "बायको लग्नात साक्षीदार म्हणूनच राहिली की काय रे, गिल्दो?"

गिल्दो हसला नाही. नोटरीसाहेब मोठे काटेकोर. त्यांनी कागद नव्याने छापून आणवला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.

पहिल्या वाचनाला गिल्दो खिडकीबाहेर बघत होता. या वेळी तो ऐकत होता. घराचं वर्णन आलं. दुमजली, तळघरासह, साडेपाच खोल्या. त्याने शाळेतल्यासारखा हात वर केला.

"साहेब, साडेपाच? ही अर्धी कुठली? बांधलं मी, मला नाही कधी दिसली."

"माझ्याकडं दोन पेले जास्त झाले की अशीच मोजणी होते," एल्व्हियो म्हणाला.

"सरकारी मोजणीत बोळ, न्हाणीघर, जिन्याखालची जागा असे तुकडे जोडून धरतात," साहेब म्हणाले.

"म्हणजे दारातला बोळ. बूट काढायची जागा. तीपण लिहून द्यायची?"

"तीसुद्धा."

"असू दे. द्यायचं तर सगळंच द्यावं."

सहीआधी असं काहीतरी खुळ्यासारखं विचारणारे पुरुष नीवेसने पुष्कळ पाहिले होते. वेळ काढतात मेले, असं तिला वाटे. आज तिला कळलं, तो वेळ काढत नव्हता. तो मनाने घरातून एकदा फिरून येत होता. तिला गलबलून आलं.

"साहेब, राहू द्या," ती म्हणाली. "नको करूया हे."

"गप गं," गिल्दो हळूच म्हणाला. "उडी मी मारतोय. छप्पर तुझं असलं तर मला झोप तरी लागेल. कर सही. आता तेवढी जागेवर कर."

तिने सही केली. अक्षर दुसरीतल्या पोरीचं वाटावं असं आलं, आणि शेपटी ओढायची राहूनच गेली. मग गिल्दोने केली, एल्व्हियोने केली, फुल्वियाने केली. फुल्वियाने पेन ठेवलं आणि नीवेसकडूनच शिकलेलं वाक्य सवयीने बोलून गेली, "ही नुसती छत्री आहे हो."

"छत्री चांगलीच आहे," गिल्दो उठत म्हणाला. "एकाच माणसापुरती आहे, एवढंच." आणि तो तसाच कार्यशाळेत गेला.

संध्याकाळी नीवेस चुलीशी पोलेंटा ढवळत होती. पहिल्या वर्षापासून हा माणूस भुशाने माखलेले बूट घालून बोळात शिरे, आणि ती स्वयंपाकघरातून "बूट!" म्हणून ओरडे. आज ती ओरडायला तयार होऊन बसली होती. पण दार वाजलं ते हलकेच. गिल्दो नुसत्या मोज्यांवर आत आला.

"बूट कुठायत?"

"बाहेर, पायरीवर."

"का?"

"घाण होते ना. तूच ओरडतेस." तिच्याकडे न बघता तो हात धुवायला गेला.

नीवेसने पळी ठेवली आणि बाहेर आली. पाहुण्याने ठेवावेत तसे दोन्ही बूट पायरीच्या कडेला जुळवून ठेवलेले होते. तिने ते उचलले. भुसा तिच्या अ‍ॅप्रनवर सांडला. तिने झटकला नाही. बोळात, फरशीवर जिथे वर्षानुवर्षांचे दोन काळपट डाग पडले होते, तिथे तिने बूट टाकले. एक सरळ, एक आडवा, तो टाकायचा तसे. मग ती चुलीशी परत गेली, दाराकडे पाठ केली आणि घसा ताणून ओरडली, "गिल्दो! बूट आणलेस ना परत आत? सगळा भुसा केलास!"

न्हाणीघरातलं पाणी थांबलं.

"काढतो गं, काढतो," तो म्हणाला.

दोघं जेवायला बसली. बूट कुणीच उचलले नाहीत.